चोवीस लिही म्हटलं तर

[दृश्य : पाटी, पेन्सिल धरलेला लहान हात.]

बाई म्हणतात, "चोवीस लिही."

पोर ऐकतं तसं लिहितं. आधी कानावर पडला चार, म्हणून आधी ४. मग वीस, म्हणून २. पाटीवर बेचाळीस उमटतात आणि त्यावर लाल फुली पडते.

आता त्याच पोरापुढे चिंचोके ठेवा. दहाचे दोन ढीग आणि वर चार सुटे, ते न चुकता मांडतं. म्हणजे संख्या त्याला कळली आहे. अडलंय ते तिच्या नावापाशी.

मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. त्यात एकटा पाच किती सोंगं घेतो ते ऐका : पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर. पन्नासाचा 'वन्न' होतो, सत्तराचा 'हत्तर'. एकोणतीस म्हणायचं तर अजून न आलेला तीस आधी माहीत हवा. आणि एवढं पचवून पोर नव्व्याण्णववर पोचतं, तर तिथे 'एकोण' गायब!

[दृश्य : जिना चढताना नातवाचा हात धरलेली आजी.]

ज्या घरात आजी पायऱ्या मोजत चढते, आई बांगड्या मोजून ठेवते, तिथल्या मुलाला हे शब्द पाळण्यापासून मिळतात. ते त्याला शिकावे लागत नाहीत. मेळघाटातलं पोर घरी कोरकू बोलतं. ती मुंडा कुळातली भाषा. गडचिरोलीतलं पोर गोंडी बोलतं, ती द्रविड कुळातली, तेलुगूची नातेवाईक. या मुलांना एकवीस ते नव्व्याण्णव हे सगळे शब्द परके, आणि एकेक करून पाठ करायचे. गणित सुरू व्हायच्या आधीच ती मागे पडतात, आणि 'गणितात कच्चा' हा शिक्का मात्र लगेच बसतो. मला या शिक्क्याचा राग येतो.

[दृश्य : दुसरीचं गणिताचं पुस्तक, जवळून.]

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर, संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्या गणितज्ञ. पुस्तकात 'एकवीस'ही होताच. दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिली होती. तरी गदारोळ उठला. विधानसभेत टोले हाणले गेले, मोबाइलवर विनोद फिरले. भाषा बुडेल ही भीती खोटी नव्हती. पंचावन्न, त्रेसष्ट हे शब्द बाजारात, एसटीत, पाढ्यांत जिवंत आहेत आणि राहायलाच हवेत. पण त्या हशात मेळघाटातल्या पोराचा विचार फारसा कुणी केला नाही, हे आजही टोचतं.

नॉर्वेत हाच प्रश्न संसदेपर्यंत गेला होता. तिथेही 'एक आणि वीस' म्हणायची रीत होती. टेलिफोनचे आकडे सांगताना गोंधळ होई, म्हणून १९५१ साली 'वीस एक' ही पद्धत अधिकृत झाली. जुनी रीत काही मोडली नाही. लोकांच्या बोलण्यात ती अजून ऐकू येते.

इतकं लांब जायलाही नको. जत किंवा अक्कलकोटच्या कानडी शाळेत जा. तिथे २१ ला म्हणतात 'इप्पत्तोंदु'. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम एकच. महाराष्ट्रातच, एका रस्त्याच्या दोन बाजूंच्या शाळांत, एकाच वयाच्या दोन मुलांपुढे एकच आकडा असा वेगवेगळा उभा राहतो.

[दृश्य : पुन्हा पाटी. पुसलेल्या ४२ ची पांढरी सावली.]

बाई शेजारी बसतात. "वीस आणि चार," त्या सावकाश म्हणतात. २. मग ४.

"याला काय म्हणतात माहितीय?"

पोर मान हलवतं. नाही.

"चोवीस."

"चोवीस," ते म्हणतं, आणि ढिगातले चिंचोके पुन्हा मोजायला घेतं.