नर्सिंगच्या पहिल्या सत्रातली धास्ती

श्रोतेहो, नमस्कार.

गौरी-गणपतीचे विसर्जन झाले की रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडीच्या एसटी स्थानकांवर परतीच्या मुलामुलींची गर्दी उसळते. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या नसतील, तर याच वर्षी नर्सिंगला गेलेली मुलेही त्या गर्दीत असतात आणि त्यांच्यातल्या पुष्कळांचा पाय घरातून निघत नाही. आपण चुकीच्या ठिकाणी आलो, हे आपल्याला जमणार नाही, वर्गातल्या इतर सगळ्यांना जमते आहे, असे त्यांना मनातून वाटत असते आणि ते कोणाला सांगताही येत नाही. आजचे बोलणे त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मी परिचर्या शिकवण्यात हयात घालवली आहे आणि दरवर्षी नव्या तुकडीत ही धास्ती पाहत आले आहे. माझे म्हणणे एवढेच की या धास्तीवरून कोणी परिचारिका होण्यास नालायक ठरत नाही, कारण ते ठरवता येईल असे काही पहिल्या दोनतीन महिन्यांत घडलेलेच नसते.

आधी, एवढे दडपण येते कशाने, ते पाहू. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम 4 वर्षांचा, जी.एन.एम. म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राच्या पदविकेचा 3 वर्षांचा आणि ए.एन.एम. म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा 2 वर्षांचा असतो. बी.एस्सी.ला 2021 पासून सत्रपद्धती आल्यामुळे जे पूर्वी वर्षभरात पसरलेले असे त्याची परीक्षा आता सहा महिन्यांतच समोर उभी राहते. पहिल्याच सत्रात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे आणि संवादापुरते इंग्रजी, एवढे विषय एकदम अंगावर येतात. माणसाच्या शरीरात 206 हाडे असतात हे बारावीपर्यंत एका वाक्यात संपलेले असते. इथे त्यातल्या एकेका हाडाचे खाचखळगे, त्याला चिकटणारे स्नायू आणि त्याजवळून जाणारी नस, हे सारे इंग्रजी आणि लॅटिन नावांनी पाठ करावे लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि पुढे गावच्या हायस्कुलात मराठीतून शिकलेल्या मुलीला पुस्तकाचे एक पान वाचायला तासभर लागतो आणि शेजारच्या बाकावरची मुलगी भराभर पाने उलटताना दिसते. त्यातून ही मुलगी स्वतःला मंदबुद्धी समजू लागते. वास्तविक तिचा वेग भाषेमुळे कमी झालेला असतो आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांनीही हे गृहीत धरलेले आहे, नाहीतर इंग्रजीचा स्वतंत्र विषय त्यांनी पहिल्याच सत्रात ठेवला नसता. अशा विद्यार्थ्यांना मी एकच सुचवत असे, की पाठ आधी मराठीत समजून घ्या, स्वतःच्या शब्दांत कोणाला तरी सांगा आणि मग इंग्रजी संज्ञा त्यावर बसवा. उलट्या क्रमाने गेलात तर संज्ञा लक्षात राहते आणि हृदयातून रक्त कुठल्या बाजूला जाते ते राहत नाही.

पुस्तकापेक्षा वॉर्डाची भीती अधिक खोल असते. प्रयोगशाळेतल्या पुतळ्याला अंघोळ घालणे वेगळे आणि पक्षाघात झालेल्या, आपल्या आजोबांच्या वयाच्या माणसाचे अंग पुसणे वेगळे. त्याला संकोच वाटतो, आपल्यालाही वाटतो, आणि पडदा ओढून घेतला तरी तो संकोच जात नाही. जखमेचा वास, बेडपॅन, रात्री कण्हणारा रुग्ण, पहिला मृत्यू, या गोष्टींची तयारी घरी कोणी करून दिलेली नसते. ड्रेसिंग पाहताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर मुले तेवढ्यावरून निष्कर्ष काढून मोकळी होतात. अंधारी येण्याचा आणि धैर्याचा संबंध फारसा नाही. रक्त पाहून काही जणांच्या शरीरात अशी प्रतिक्षिप्त क्रिया होते की नाडी मंदावते, रक्तदाब एकाएकी खाली येतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. अशा वेळी लाजून उभे राहण्यापेक्षा लगेच खाली बसावे, जमल्यास आडवे व्हावे. उभे राहणे भागच असेल तर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू घट्ट आवळून धरावेत, म्हणजे रक्तदाब सावरायला मदत होते. आणि सकाळच्या ड्यूटीला उपाशी जाऊ नये. वसतिगृहातला नाश्ता बेचव असतो हे मला मान्य आहे, पण तो खावा. बहुतेकांचे हे अंधारी येणे पाहून पाहून थांबते.

तिसरी भीती आपल्या हातून चूक होण्याची, आणि तिच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण ही भीती घालवायची नसून तिला कामाला लावायची असते. एक साधे उदाहरण घेऊ. रुग्णाला 500 मिलिलिटर सलाईन 4 तासांत द्यायचे आहे. हातातल्या सलाईनच्या नळीच्या संचातून 1 मिलिलिटरचे 20 थेंब पडत असतील तर एकूण 10,000 थेंब 240 मिनिटांत जायला हवेत, म्हणजे मिनिटाला सुमारे 42. पण लहान मुलांसाठी वापरतात तो बारीक थेंबांचा संच हातात असेल तर 1 मिलिलिटरचे 60 थेंब होतात आणि तेच सलाईन तेवढ्याच वेळात देण्यासाठी मिनिटाला 125 थेंब लागतात. गणित सातवीच्या मुलालाही येईल असे आहे. अडते ते पाकिटावरचा आकडा न वाचता आधीच्या सवयीने हात चालवल्यामुळे. ज्या मुलीला चूक होण्याची भीती आहे ती तो आकडा दोनदा वाचते. औषध देण्यापूर्वी रुग्ण बरोबर आहे ना, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ बरोबर आहेत ना, हे पाच प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला आम्ही शिकवतो, आणि ते मनापासून विचारणारी मुले बहुधा घाबरटच असतात. मला खरी काळजी वाटते ती पहिल्या महिन्यात सगळे सोपे वाटणाऱ्यांची. मात्र ही भीती गप्प बसायला लावत असेल तर ती घातक आहे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने शिक्षिकेच्या किंवा वॉर्डातल्या सिस्टरच्या देखरेखीखालीच काम करायचे असते, तेव्हा समजले नाही तर विचारणे हा त्या व्यवस्थेचाच भाग आहे. इन्चार्ज सिस्टर कधी खेकसतात, हे खरे आहे. एका पाळीत त्यांच्यावर किती रुग्ण असतात ते पाहिले की त्याचे नवल वाटत नाही, समर्थन मात्र मी करणार नाही. खेकसणे सोसून का होईना, प्रश्न विचारलाच पाहिजे.

पहिल्या सत्रात शिकवतात ती कामे क्षुल्लक वाटतात आणि त्यातूनही निराशा येते. चादर ताणून बसवणे, हात धुणे, ताप, नाडी आणि श्वास मोजणे, हे शिकायला एवढी फी भरून आलो का, असे घरचेही विचारतात. हात धुण्याचे घ्या. साबणपाण्याने नीट धुवायचे तर 40 ते 60 सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ देणारा माणूस रुग्णालयात शोधावा लागतो. नाडी पूर्ण एक मिनिट मोजायची. नंतर बोटे मनगटावर तशीच ठेवून नजर छातीकडे वळवायची आणि श्वास मोजायचे, कारण श्वास मोजत आहेत हे कळले की रुग्णाचा श्वास बदलतो. प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला 60 ते 100, श्वास 12 ते 20. हे आकडे पाठ होतात. पण थंड, घामेजलेला हात हाताला लागला की काहीतरी बिघडते आहे हे ओळखणे, ते शंभर मनगटे धरल्यावरच येते.

त्या हाताच्या स्पर्शाला आपल्या कोकणात किती किंमत आहे, ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामावरून कळते. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1970 च्या दशकात लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण दगावत असताना ते रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपत राहिले. ओकाऱ्या, दरदरून घाम, थंडगार पडणारे हातपाय आणि मग फुफ्फुसात पाणी होणे, हा क्रम त्यांनी नोंदवला आणि 1982 मध्ये ती निरीक्षणे ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या गोळीच्या उपचाराने मृत्यू पुष्कळ कमी झाले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता या उपचारात परिचारिकेचे काम पाहा. ही गोळी ठरावीक तासांनी पुन्हा द्यायची की थांबवायची, हे ठरवताना रुग्णाचे हातपाय गरम आणि कोरडे झाले का, हे पाहिले जाते. रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला उठून बसू द्यायचे नसते. रात्रभर ते हातपाय चाचपणारी, नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवणारी व्यक्ती पहिल्या सत्रात शिकलेलेच करत असते.

आता घरच्यांशी दोन शब्द. मुलगी सणाला घरी आली की वाडीतली निम्मी माणसे तिच्यापुढे दंड पुढे करतात, बीपी बघ म्हणतात, आपल्या गोळ्यांची पाकिटे दाखवून हे कशाचे ते सांग म्हणतात. तिला अजून ते शिकवलेले नसते, आणि येत नाही म्हटले की कोणीतरी हसते. तो प्रसंग तुम्ही टाळू शकता. मुलगा नर्सिंगला गेला असेल तर त्याला याहून बोचरे बोल ऐकावे लागतात, तेव्हा वडिलांनी चारचौघांत त्याची बाजू घ्यावी. फोनवर मुले रडली तर लगेच ‘ये परत’ म्हणू नये आणि ‘फी भरली आहे’ असेही म्हणू नये. आज वॉर्डात काय केलेस ते विचारावे आणि ऐकावे.

काही वेळा शंका खरीही असते. आईच्या इच्छेखातर किंवा दुसरे काही मिळाले नाही म्हणून जे आले, त्यांच्यापैकी काहींना रुग्णाजवळ थांबणेच नकोसे होते, आणि तसे असेल तर मार्ग बदलण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय सुटीत, घराच्या पडवीत बसून घेऊ नका. पहिल्या सत्राची परीक्षा होऊ द्या, निदान एका वॉर्डातली नेमणूक पुरी करा, वर्गशिक्षिकेशी बोला, आणि प्रवेश सोडल्यास फी व मूळ कागदपत्रांचे काय होते ते कार्यालयातून लेखी घ्या. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर सत्र संपायची वाट पाहू नका. 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा क्रमांक आहे, तो दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.