गोंदवल्याची माळ आणि मन पळालेलं कळतं तो क्षण

(गाडीतून, दहिवडीच्या पुढचा रस्ता)

साताऱ्यातनं निघायचं, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की गोंदवलं येतं. माण तालुका, दुष्काळी पट्टा, दोन्ही बाजूला नुसतं माळरान. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज इथलेच, जन्म 1845 चा, 1913 च्या डिसेंबरात समाधी, आणि उभ्या आयुष्यात लोकांना सांगितलं ते एकच, नाम घ्या. आता मेंदू, चेतना असले विषय घेऊन आम्ही इथं कुठं कडमडलो असं वाटत असेल तर ह्या आज्जींचा हात बघा.

(हाताचा क्लोजअप)

तुळशीची माळ, 108 मणी. माळ मधल्या बोटावर, अंगठ्यानं एकेक मणी ओढायचा, तर्जनी लांब ठेवायची, तिचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. एका मण्याला एकदा 'श्रीराम जय राम जय जय राम', तेरा अक्षरं. मेरुमणी, म्हणजे माळ जिथं जुळते तिथला वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची आणि परत चालू. शेजारच्या काकूंनी गोमुखी घेतलीय, म्हणजे पिशवीत हात घालून जप, बाहेर काहीच दिसत नाही, आणि पलीकडच्या दादांच्या बोटात अंगठीसारखा काउंटर आहे, बटण दाबलं की आकडा पुढं. तेही चालतं.

इथं बघा. अंगठा थांबला.

(थोडा वेळ निवेदन नाही)

नंतर विचारलं, आज्जी, मन कुठं गेलं होतं का हो? तर म्हणाल्या, "जातंय की रं, जाणारच त्ये. म्हशीकडं गेलं, नातवाकडं गेलं. गेलंय आसं कळलं की आणायचं माघारी."

आमच्या मते सगळा विषय इथंच आहे. मन पळालं होतं हे कळलं कुणाला? जे पळालं त्यालाच, का आत बसून आणखी कोण बघत होतं?

अमेरिकेत एमरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकॅम्प आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच क्षण पकडायचा प्रयत्न केला, 2012 चा पेपर आहे. ध्यान करणारी 14 माणसं मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवली, काम एवढंच की श्वासावर लक्ष ठेवायचं आणि मन भरकटलंय असं ध्यानात आलं की बटण दाबायचं. मन फिरत होतं तेव्हा मेंदूतलं एक जाळं चालू होतं, बसल्या बसल्या आपण स्वतःच्याच मागच्या-पुढच्या गोष्टी घोळवतो तेव्हा चालू असतं तेच, आणि 'अरे, गेलं की' असं कळलं त्या वेळी दुसरंच जाळं पुढं आलं. म्हणजे आज्जी जे माघारी आणणं म्हणतायत ते मेंदूत खरंच काहीतरी वेगळं घडणं आहे, नुसती मनाची समजूत नाही.

(आरशापुढचं बाळ)

हे आमच्या टीममधल्या एकाचं बाळ. कपाळाला हळूच कुंकू लावलंय, आरशात बघून हात स्वतःच्या कपाळाला गेला. साधारण दीड-दोन वर्षांत हे जमायला लागतं. गॉर्डन गॅलप यांनी 1970 साली चिंपांझींवर अशीच चाचणी केली, भुलीत असताना चेहऱ्याला रंग लावला आणि जाग आल्यावर आरसा दाखवला, तर त्यांचाही हात स्वतःच्या चेहऱ्यालाच गेला. पण हा चेहरा माझा हे ओळखणं वेगळं आणि हा विचार आत्ता माझ्यात चाललाय हे बघणं वेगळं, आणि हुशारी तर त्याहून तिसरीच. गणित चुटकीत सोडवणारा पोरगा रील बघत अर्धा तास बसतो आणि ते त्याला अर्ध्या तासानंच कळतं. जप केला की मार्क वाढतात असं कोणी विकत असेल तर सरळ पुढं जा.

बाकी दीडेक किलोच्या मेंदूतून 'मी आहे' ही जाणीव उगवते कशी, हा तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1995 मध्ये मांडलेला कठीण प्रश्न अजून सुटलेला नाही. संत म्हणतात जाणीव आधी, मेंदू नंतर, ते कुठल्या मशिनमध्ये सिद्ध झालेलं नाही हेही खरं.

(ड्रोन, सज्जनगड, खाली उरमोडीचं पाणी)

हा सज्जनगड. समर्थांची समाधी इथंच. त्यांचे मनाचे श्लोक 205, आणि पानोपानी मनालाच हाक मारून समजावणं, लाडीगोडी लावणं, मधेच दटावणं. आपल्या मनाशी असं दुसऱ्या माणसासारखं बोलता येणं हीच तर आज्जींची गोष्ट. आपल्याकडं शाळेत ह्याचं काय होतं तर पाठांतर स्पर्धा, धडाधडा म्हणून दाखवा आणि ढाल घेऊन घरी जा. स्पर्धा घ्या की, पण पोरांना पाच मिनिटं गप्प बसवून आत्ता मन कुठं गेलं होतं एवढंच विचारा, त्याला ना फी लागते ना ॲप. घाबरेपणा, झोप उडणं असलं काही जास्त असेल तर डॉक्टरकडंच जायचं, माळेच्या भरवशावर बसायचं नाही.