खिशात हात कुणाचा?

ऑगस्ट २०१९. कोल्हापूरला लागून असलेल्या शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर चढलं आणि ट्रकच्या रांगा जागच्या जागी अडकल्या. अडकलेल्यांना जेवण दिलं ते आसपासच्या लोकांनीच. शहरातली मंडळं, तालमी मदतीला उतरल्या. कुणी हुकूम सोडला नव्हता. पण शिरोळ तालुक्यात वेढा पडलेल्या गावांमधून माणसं काढायला सैन्य आणि एनडीआरएफच्याच बोटी लागल्या. त्यांचा खर्च करातून होतो.

लिबर्टेरियन म्हणजे पक्के व्यक्तिस्वातंत्र्यवादी. हे लोक दानधर्माच्या विरोधात, असा सरसकट समज आहे. अमेरिकन लेखिका आयन रँडने परोपकाराचं स्तोम झुगारलं, हे खरं. बाकी बहुतेकांचं भांडण देण्याशी नाही, सक्तीशी आहे. रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये कष्टाच्या कमाईवरचा कर थेट वेठबिगारीच्या पंगतीला बसवला. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला लावायला सांगितलं. लिबर्टेरियन मंडळींच्या हिशेबी ते दान नव्हेच.

मराठी मुलखात या विचाराच्या जवळ जाणारी भाषा शेताच्या बांधावर नेली ती शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’. आधी सरकारने भाव पाडायचा आणि मग अनुदानाचा उपकार दाखवायचा, यावर त्यांचा राग होता. उसाच्या पट्ट्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आता कोल्हापूरच्या दसरा चौकात या. इथली बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, शाहू महाराजांच्या काळातली. दरबारने जागा दिली, अनुदान दिलं. चालवली ज्या त्या समाजानं. इथवर स्वातंत्र्यवादीही फारशी कुरकुर करणार नाही. पण १९१७ मध्ये महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि सक्तीचंही. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड! दानशूरांच्या मर्जीवर सोडलं असतं, तर अस्पृश्यांच्या वस्तीपर्यंत शाळा पोचली असती? मला नाही वाटत. देणाऱ्याचा हात आधी आपल्या भावकीकडे वळतो.

यावर स्वातंत्र्यवाद्यांचा सवाल ठरलेला: राजा शाहूंसारखा होता म्हणून निभावलं, तोच दंडाचा अधिकार दुसऱ्या कुणाच्या हाती गेला असता तर? सवाल खोटा नाही. शेजारपाजारच्या संस्थानांतले सगळेच राजे काही शाहू नव्हते.