सात अक्षरांची ओळ

[दृश्य : बांबूचं पेर, त्यावर सुरी. फक्त आवाज.]

हा आवाज ताज्या बांबूवर चालणाऱ्या सुरीचा आहे.

पेर आज सकाळीच तोडलंय. आजोबांनी त्याचं एक टोक पोटाशी टेकवलंय, दुसरं समोर. सुरी अंगापासून दूर ढकलायची, म्हणून अक्षरंही खालून वर चढत जातात. एक रांग शेंड्याला पोचली की तिच्या उजवीकडे दुसरी. वाचताना पेर आडवं फिरवायचं, मग तीच अक्षरं डावीकडून उजवीकडे ओळीत येतात. डावखुरा माणूस कोरायला बसला तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी उमटतात. त्याला कुणी अडवत नाही आणि वाचणाऱ्याचंही काही अडत नाही.

सालीवर उमटलेल्या रेघा अजून फिकट आहेत. आजोबा चुलीतली काजळी बोटावर घेतात, पेरावर चोळतात, तळव्याने पुसतात. पाहा आता.

[दृश्य : काळी झालेली अक्षरं, जवळून.]

ही हानुनुओ लिपी. इथले लोक तिला सुरात मांग्यान म्हणतात.

[दृश्य : बोट, समुद्र, मग डोंगर.]

फिलिपिन्समध्ये लुझॉन या मोठ्या बेटाच्या दक्षिणेला मिंदोरो हे बेट आहे. बातांगास बंदरातून बोट धरली की कालापानला उतरायचं आणि पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे मान्सालायपर्यंत जायचं. तिथून पुढे चढ. या डोंगरांमध्ये आठ समाज राहतात. इराया, आलांगान, ताद्यावान, ताउबुइद, बांगोन, बुहिद, हानुनुओ आणि राताग्नोन. बाहेरचे लोक या आठांना मिळून मांग्यान म्हणतात, पण प्रत्येकाची बोली वेगळी. हानुनुओ म्हणजे खरा, अस्सल. आणि किनाऱ्यावरच्या सपाटीतला बाहेरचा माणूस म्हणजे दामुओंग. कॅमेरा घेऊन चढणारे आम्हीही दामुओंगच.

[दृश्य : उतारावरची शेती, भाताची रोपं, झाडांचे जळके बुंधे.]

रान तोडून, जाळून केलेली, आपल्या सह्याद्रीत जिला कुमरी म्हणतात, तशी ही शेती. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हॅरल्ड कॉंक्लिन दुसऱ्या महायुद्धानंतर इथे येऊन राहिले, ही भाषा बोलायला शिकले आणि लोकांना झाडांची नावं विचारत हिंडले. हानुनुओ माणसं वनस्पतींचे सोळाशेहून अधिक प्रकार वेगवेगळ्या नावांनी ओळखतात, अशी नोंद त्यांनी केली.

रंगांचंही त्यांनी विचारलं. मूळ नावं निघाली चार. काळसर ते माबिरु, उजळ ते मालाग्ती, तांबूस ते मारारा, हिरवट ते मालातुय. एवढं ऐकून शब्द कमी आहेत असं वाटेल. पण या पेराकडे पुन्हा एकदा बघा.

[दृश्य : तोडलेल्या बांबूचा ओला, तपकिरी काप. पाणी चमकतंय.]

आपण याला तपकिरी म्हणू. हानुनुओ माणूस म्हणेल मालातुय, कारण काप ओला आहे, रसदार आहे, जिवंत आहे. हाच काप सुकला की मारारा होईल. त्यांच्या रंगाच्या नावात ओल मोजलेली असते. १९५५ साली कॉंक्लिन यांनी हे लिहिलं, आणि माणूस रंग कसा पाहतो यावर विचार करणारे लोक आजही त्या लेखाकडे परत येतात. आम्हाला तो इथे, या उतारावर, हातात ओला काप घेतल्यावर कळला.

[दृश्य : वहीत काढलेली अक्षरं. शिक्षिकेचं बोट एकेका अक्षरावरून फिरतंय.]

आता लिपी. देवनागरी वाचणाऱ्याला ही लिपी परकी वाटायला नको. तीन स्वर आहेत, अ, इ, उ. व्यंजनं पंधरा. प्रत्येक व्यंजनात अ आधीच मिसळलेला. क लिहिलं की वाचायचं क. वर एक लहानशी रेघ दिली की कि, खाली दिली की कु. आपल्या बाराखडीचं हे आटोपशीर भावंड, आणि नातं खरंच रक्ताचं आहे. दोन्ही लिप्यांचं मूळ ब्राह्मीत. दक्षिण भारतातून समुद्रमार्गे आग्नेय आशियात गेलेली एक शाखा जावा-सुमात्रा करत या बेटांवर पोचली.

एक गोष्ट मात्र तिने वाटेत टाकून दिली. पाय मोडणं.

[दृश्य : फळ्यावर अक्षरं.]

मांग्यान हा शब्द जुन्या पद्धतीने लिहिला की उरतं ‘मा या’. शेवटचा न लिहायचाच नाही, मधलं अनुनासिकही नाही. अंबाहान, म्हणजे इथलं गाणं, हा शब्द लिहिला की दिसतं ‘अ बा हा’. मग वाचणारा वाचतो कसं? त्याला ते गाणं आधीच ठाऊक असतं, किंवा त्या भाषेचा ओघ ठाऊक असतो. गाळलेले आवाज जीभ आपोआप भरते. भाषा येत नसेल तर नुसती लिपी शिकून हाती काही लागत नाही. ही लिपी जपायची तर बोलणारी माणसं जपावी लागतात. संग्रहालयातल्या काचेला ते जमत नाही.

पाय मोडायची खूण पुढे आली. ती आणली अंतोन पोस्तमा यांनी, आणि तिला पामुदपोद म्हणतात. पोस्तमा डच. १९५८ साली मिशनरी म्हणून फिलिपिन्सला आले, मान्सालायजवळच्या पानायतायान या वस्तीत राहिले, तिथेच संसार केला आणि आयुष्यभर बांबूवरची गाणी उतरवून घेतली. २०१६ साली ते वारले.

[दृश्य : मनिला. राष्ट्रीय संग्रहालय. काचेमागे काळवंडलेला पातळ पत्रा.]

पोस्तमांचं आणखी एक काम या पत्र्यात आहे, आणि मराठी प्रेक्षकासाठी आम्ही इथे मुद्दाम थांबतो. हा ताम्रपट १९८९ साली लागुना प्रांतात, नदीतली वाळू उपसताना सापडला. रुंदी-लांबी वीतभराच्या आसपास, मजकूर दहा ओळींचा. बराच काळ तो कुणाला लागेना. पोस्तमांनी तो वाचला. लिपी कावी, म्हणजे जावाची जुनी लिपी, भाषा जुनी मलय, मधेमधे संस्कृत. आणि सुरुवात अशी : स्वस्ति, शकवर्षातीत ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार.

शके ८२२. इसवी सनाच्या ९०० सालातला एप्रिल. लग्नपत्रिकेत आणि पंचांगात आपण जी कालगणना अजून छापतो, त्याच कालगणनेत फिलिपिन्समधला हा आजवर सापडलेला सर्वांत जुना लिखित दस्तऐवज आपली तारीख सांगतो. पत्र्यावर लिहिलेलं आहे ते साधंच. नामवारान नावाच्या माणसावर असलेलं सोन्याचं कर्ज फिटलं, आता त्याची मुलं-नातवंडं त्यातून मोकळी. फिटल्याची पावतीच ती.

[दृश्य : काचेतला पत्रा विरत जातो, पुन्हा बांबू.]

स्पॅनिश आले तेव्हा सपाटीवरचे तागालोग लोकही अशीच एक लिपी लिहीत होते, बायबायिन. १५९३ साली मनिलात छापलेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरीत ती रोमन लिपीच्या शेजारी उभी आहे. पुढच्या शे-दीडशे वर्षांत ती रोजच्या वापरातून गेली. उरल्या त्या डोंगरातल्या आणि आडबाजूच्या बेटांवरच्या. मिंदोरोत हानुनुओ आणि बुहिद, पालावानमध्ये ताग्बान्वा.

का उरल्या? डोंगर चढायला अवघड, हे एक कारण. दुसरं कारण आता दिसेल.

[दृश्य : संध्याकाळ. ओसरीवर बसलेली माणसं. विड्याचं साहित्य. बांबूचं चुनाळं हातोहात फिरतंय.]

या चुनाळ्यावर बघा, कोरलेलं आहे. तंबाखूच्या नळीवर आहे, सुरीच्या म्यानावर आहे. तिथे कोपऱ्यात ठेवलेलं छोटं तंतुवाद्य आहे ना, त्याला गितगित म्हणतात. त्याच्या तारा माणसाच्या केसांच्या. त्याच्या पाठीवरही कोरलेलं आहे. कोरलेलं आहे ते अंबाहान.

अंबाहानची ओळ सात अक्षरांची. अभंगाच्या चरणात सहा अक्षरं मोजणाऱ्या आपल्या कानाला हे लगेच पकडता येईल. ओळी कितीही असोत, शेवट जुळायला हवा. वाद्य लागत नाही, ठरलेली चालही नाही. बोलणं आणि गाणं यांच्या मधल्या एका सुरात ते म्हणायचं. शब्दही रोजचे नसतात, जुने, ठेवणीतले. आणि सरळ काही सांगायचं नाही. पाहुण्याला निघा म्हणायचं नसतं, तेव्हा एखाद्या पक्ष्याची गोष्ट सांगायची. आवडतेस म्हणायचं नसतं, तेव्हा रानातल्या एखाद्या फुलाची. बाळ जन्मल्यापासून माणूस जाईपर्यंत प्रत्येक वळणाला अंबाहान आहे, पण सगळ्यात जास्त ते तरुणपणी लागतं.

[दृश्य : ओसरीवर एक म्हातारा सूर लावतो. कॅमेरा हलत नाही. समोरची बाई ऐकते, मान हलवते. उत्तर देते. भाषांतर नाही. एक मिनिट निवेदन नाही.]

कॉंक्लिन यांनी १९४९ साली लिहून ठेवलंय की इथली पोरं लिपी शिकत ती प्रेमासाठी. जितकी जास्त गाणी पाठ तितका मुलीपुढे निभाव लागणार, आणि गाणी जमवायची तर ती उतरवून घेता यायला हवीत. शाळा नव्हती, पाठ्यपुस्तक नव्हतं, अक्षरांचा ठरलेला क्रमसुद्धा नव्हता. पोर आधी स्वतःचं नाव कोरायला शिके, मग मित्राच्या पेरावरचं गाणं आपल्या पेरावर उतरवे. कर वसूल करायला किंवा देवाचा शब्द पसरवायला लिपी वापरली गेली, असं जगात पुष्कळ ठिकाणी दिसतं. ही लिपी टिकली ती कुणालातरी कुणालातरी काहीतरी सांगायचं होतं म्हणून.

आणि बांबू टिकत नाही. काही वर्षांत त्याला कीड लागते. त्यामुळे गाणं राहावं असं वाटलं तर ते नव्या पेरावर पुन्हा कोरावं लागतं. ज्या गाण्याला असा हात मिळत नाही ते मातीला मिळतं. इथली सगळी ग्रंथसंपदा अशी पिढ्यान् पिढ्या हातांमधून पुढे आलीय.

[दृश्य : बांबूच्या नळीतून बाहेर काढलेल्या वह्या, पानांवर लिपी.]

गिनाव बिलोग हा पानायतायानचाच माणूस. बांबूवर आणि वह्यांमध्ये त्याने अंबाहान जमा केले, म्हटले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले. १९९३ साली फिलिपिन्सने लोककलावंतांसाठीचा ‘गावाद सा मान्लिलिखा नांग बायान’ हा सन्मान पहिल्यांदा दिला तेव्हा तिघांमध्ये तो एक होता. २००३ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तो गेला.

पुढचे मान झपाट्याने आले. १९९७ साली ही लिपी राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा ठरली. १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेली. २००२ साली युनिकोडमध्ये आली, म्हणजे आता ती मोबाइलवरही उमटते.

[दृश्य : शाळेचा वर्ग. मुलं ओल्या बांबूवर वाकलेली. एकीची जीभ ओठांबाहेर.]

कालापानला २००० सालापासून मांग्यान हेरिटेज सेंटर आहे. अंबाहान, नोंदी, पुस्तकं तिथे एका छताखाली आहेत, आणि शाळांमधून लिपी शिकवायला तिथूनच हात मिळतो. शिकवणारी माणसं मांग्यान आहेत, ही आम्हाला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. आज शिक्षिका फळ्यावर काही लिहीत नाही. ती मुलांच्या मधून फिरते आणि सुरीचा कोन तेवढा दुरुस्त करते. सुरी जास्त उभी धरली की साल चिरते, जास्त आडवी धरली की नुसती घसरते. अंगठा पात्याच्या पाठीवर हवा. हे हाताला कळायला आठवडे जातात.

डोंगराच्या पलीकडच्या उतारावर राताग्नोन बोलणारे हातावर मोजण्याइतकेच उरलेत. आणि २०१३ पासून बालवाडी ते तिसरी मातृभाषेतून शिकवण्याचा जो नियम देशभर होता, तो ऑक्टोबर २०२४ च्या कायद्याने सक्तीचा राहिला नाही. या वर्गातली मोठी पोरं सपाटीवर कामाला जातात.

[दृश्य : आजोबांचं घर. छताच्या काड्यांत खोचलेलं जुनं पेर. ते खाली काढतात. भुसा गळतो.]

हे पेर त्यांनी तरुणपणी कोरलेलं. कुणासाठी, ते सांगत नाहीत, हसतात. किडीने दोन ओळी खाल्ल्यात. नात शेजारी नवं पेर घेऊन बसलीय, सकाळी तोडलेलं, अजून मालातुय. ती जुन्यावरून एकेक अक्षर बघते आणि नव्यावर कोरते. खाल्लेल्या जागी थांबते. आजोबा त्या दोन ओळी तोंडाने म्हणतात, हळू, सातसात अक्षरं.

ती बोटांवर मोजते. सहाच भरतात. पुन्हा म्हणायला लावते.

[दृश्य : सुरी पुन्हा चालू. फक्त आवाज.]