साडेआठ तासांची थाप, आठ महिन्यांची तालीम

(कॅप्टन बीफहार्टवरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, डॉन व्हॅन व्लीट १७ डिसेंबर २०१० रोजी कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या आर्केटा नावाच्या छोट्या गावात वारला. सत्तरी गाठायला महिनाही उरला नव्हता. मल्टिपल स्क्लेरोसिसने त्याला बरीच वर्षं खिळवून ठेवलं होतं. मृत्युलेख छापून आले ते मात्र कॅप्टन बीफहार्टचे, म्हणजे रॉक गायक म्हणून त्याने घेतलेल्या नावाचे. त्या नावाचा माणूस १९८२ सालीच गाणं सोडून निघून गेला होता. शेवटची २८ वर्षं त्याने चित्रं काढली, एकही नवा अल्बम केला नाही आणि मंचावर पाऊल ठेवलं नाही.

एखादा विक्षिप्त माणूस गेला की आठवणींचं काम फार सोपं होऊन बसतं. किस्से तयारच असतात. बीफहार्टचे तर पोत्याने आहेत. तरुणपणी तो दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकायचा आणि त्यातला एक त्याने ऑल्डस हक्सले या लेखकाला विकला, ही त्याने स्वतःच सांगितलेली गोष्ट. आपण शाळेत कधी गेलोच नाही, हीदेखील त्याचीच. प्रत्यक्षात मोहावी वाळवंटातल्या लँकेस्टर गावच्या शाळेत असतानाच त्याची पुढे रॉक संगीतकार झालेल्या फ्रँक झापाशी गाठ पडली आणि दोघं रात्र रात्र ब्लूजच्या, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी लोकसंगीताच्या, तबकड्या ऐकत बसायचे. वुडलँड हिल्समधल्या त्याच्या घराभोवतीची झाडं ‘मॅजिक बँड’ या त्याच्या बँडच्या आवाजाने घाबरली असतील म्हणून त्याने रेकॉर्ड कंपनीकडे झाडांचा डॉक्टर मागितला, असंही सांगतात. जून १९६७ मध्ये माउंट टॅमलपायसच्या महोत्सवात तो गाता गाता थांबला आणि सरळ चालत मंचावरून खाली उतरला, म्हणजे पडलाच, तो आपल्या व्यवस्थापकाच्या अंगावर. समोरच्या एका मुलीचा मासा झालेला दिसला, असा त्याचा खुलासा होता. त्यानंतर विशीतला गिटारवादक राय कूडर बँड सोडून गेला आणि आठवड्याभरावर आलेल्या माँटेरेच्या त्या प्रसिद्ध महोत्सवाला या मंडळींना मुकावं लागलं.

या किश्शांवर मीही हसतो. पण माझी तक्रार अशी आहे की ते दोन गोष्टी झाकतात. एक म्हणजे या संगीतात किती मेहनत आहे ते. दुसरी, ती मेहनत कोणी केली आणि कोणत्या परिस्थितीत केली ते.

१९६९ सालच्या ‘ट्राउट मास्क रेप्लिका’विषयी बोलू. डबल अल्बम, २८ तुकडे, निर्माता फ्रँक झापा. मुखपृष्ठावर बीफहार्ट चेहऱ्यासमोर माशाचं खरंखुरं मुंडकं धरून उभा आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, चार जण चार वेगळ्या खोल्यांत वाजवताहेत आणि पाचवा दारात उभा राहून ओरडतोय. ‘सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेचा निर्माता मॅट ग्रोनिंग पंधरा वर्षांचा असताना त्याने हा अल्बम ऐकला आणि इतकं भिकार काही आपण ऐकलेलं नाही असं त्याचं मत झालं. सहा-सात वेळा ऐकल्यावर मात्र याहून थोर अल्बम नाही, या मतावर तो आला. अनेकांचं असंच होतं.

कारण आत काटेकोर बांधणी आहे. आपल्याकडे ताल ऐकायची सवय असलेल्यांना ती रॉक ऐकणाऱ्यांपेक्षा लवकर सापडेल असं मला वाटतं. समजा, एक गिटार पाच मात्रांचं आवर्तन घेऊन चालली आहे आणि दुसरी सातचं. दोघींची सम एकत्र येणार पस्तिसाव्या मात्रेनंतर. मधल्या काळात त्या एकमेकींना छेदत राहतात. बास तिसराच हिशेब सांभाळतो आणि ड्रम्स ठेका धरण्याऐवजी स्वतःचीच गत वाजवत असतात. पण आपल्या कानाला ज्या समेची ओढ असते ती इथे पुष्कळदा मिळतच नाही. दोघं भेटायच्या बेतात आले की तुकडाच बदलतो. श्रोत्याची ही फसवणूक मुद्दाम केलेली आहे. यावर बीफहार्टचा आवाज, ब्लूज गायक हाउलिन वुल्फच्या घशातून आलेला, खर्जातून एकदम किंचाळीपर्यंत चढणारा. गायन ध्वनिमुद्रित करताना त्याने हेडफोन लावायला नकार दिला. स्टुडिओच्या काचेतून झिरपणाऱ्या अंधुक आवाजावर तो गायला. म्हणून त्याचे शब्द वाद्यांच्या कधी पुढे असतात, कधी मागे. सगळं मोजूनमापून वाजवणारे वादक, आणि त्यांच्यावरून कुठलंच माप न पाळता जाणारा गायक, हा या अल्बमचा खरा ताण.

आता साडेआठ तासांची थाप. आपण पियानोवर बसलो आणि साडेआठ तासांत हा सगळा अल्बम रचून उठलो, असं बीफहार्ट मुलाखतींमधून सांगत आला. पियानो त्याला वाजवता येत नव्हता हे खरं. तो कळांवर बोटं आपटायचा, त्यातून काहीतरी निघायचं, आणि तेच पुन्हा वाजव म्हटलं तर जमायचं नाही. मग हे टिपणार कोण? तर जॉन फ्रेंच, बँडचा ड्रमर, वय वीसच्या आसपास. पियानोजवळ बसून तो ते स्वर कागदावर उतरवायचा. कोणता भाग कोणत्या गिटारचा, कोणता बासचा, हे लावायचा, आणि मग प्रत्येकाला ते शिकवायचा. कळांवर दहा बोटं कशीही पडलेली असतात. गिटारवर ती पकड बसवायची तर बोटं वाकडी व्हायची वेळ येते. बिल हार्कलरोड नावाचा गिटारवादक होता, त्याचंही वय तेवढंच. त्याने आणि फ्रेंचने पुढे यावर पुस्तकं लिहिली आहेत.

ती पुस्तकं वाचताना किश्शांवरचं हसू ओसरतं. वुडलँड हिल्सच्या त्या घरात पोरं साधारण आठ महिने राहिली. रोज बारा-चौदा तास तालीम. पैसे जवळजवळ नाहीत. फ्रेंच सांगतो, एक काळ असा गेला की दिवसाला एवढीशी वाटीभर सोयाबीन मिळायची. पोटासाठी दुकानातून चोरी करताना पकडले गेले, तेव्हा झापाने जामीन भरला. याहून वाईट म्हणजे त्या रात्रींच्या बैठका. कोणा एकाला मध्ये घ्यायचं आणि तो मोडेपर्यंत सगळ्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. सूत्रं बीफहार्टच्या हातात. प्रत्येकाला त्याने नवी नावं दिली: झूट हॉर्न रोलो, रॉकेट मॉर्टन, अँटेनी जिमी सीमेन्स. ऐकायला गंमत वाटते. पण मुखपृष्ठावर माणसांची खरी नावंच उरली नाहीत, म्हणजे श्रेय द्यायला फक्त एकच माणूस उरला.

फ्रेंचचं तर टोपणनावही उरलं नाही. ध्वनिमुद्रण झाल्यावर बीफहार्टने त्याला घरातून हाकलून दिलं, आणि अल्बम बाहेर आला तेव्हा त्यावर ड्रम्स कोणी वाजवले याचा उल्लेखच नव्हता. ज्याने कागदावर सगळं उतरवलं, तोच गायब!

झापाच्या मनात आधी हे सगळं त्या घरातच मुद्रित करायचं होतं, लोकसंगीत गोळा करणारे अभ्यासक करतात तसं. बीफहार्टला वाटलं, हा पैसे वाचवतोय. त्याने स्टुडिओचा हट्ट धरला. ग्लेंडेलच्या स्टुडिओत बँड शिरला आणि जवळपास सगळा वाद्यांचा भाग सुमारे सहा तासांत वाजवून मोकळा झाला. चमत्कार म्हणायचा असेल तर तो हा आहे. आठ महिन्यांत ते संगीत त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी वाजवलं असतं.

इथे हमखास एक युक्तिवाद येतो. छळ झाला खरा, पण त्याशिवाय हे घडलं नसतं. प्रतिभावंताला एवढं माफ करावं. मला तो मान्य नाही, आणि पुरावा बीफहार्टनेच ठेवला आहे. १९७४ मध्ये सगळा बँड एकदम सोडून गेला. त्यानंतर त्याने भाड्याच्या वादकांबरोबर दौरा केला आणि तोवर जपलेल्या चाहत्यांनीच त्या ताफ्याला ‘ट्रॅजिक बँड’ म्हटलं. त्या वर्षीचे दोन अल्बम सोडून दिले तरी चालतील. पण पुढच्या काही वर्षांत नवीन मुलं आली, एरिक ड्रू फेल्डमन, मॉरिस टेपर, मागाहून गॅरी लुकास. ही त्याच्या जुन्या तबकड्या ऐकत वाढलेली पिढी. त्यांना ही भाषा घरातूनच येत होती; कोंडून, उपाशी ठेवून शिकवायची गरज नव्हती. त्यांच्याबरोबर १९८० साली झालेला ‘डॉक ॲट द रडार स्टेशन’ माझ्या मते ‘ट्राउट मास्क’ला तसूभरही कमी नाही. काही ठिकाणी अधिक धारदारच आहे.

आणि या अल्बमवर वादकांत कोण आहे? जॉन फ्रेंच. हाकलून दिलेला माणूस अधूनमधून परत येत राहिला. का, याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. त्याने पुस्तकात राग लपवलेला नाही आणि त्या संगीतावरचं प्रेमही लपवलेलं नाही. २००३ साली जुन्या वादकांनी मॅजिक बँड पुन्हा उभा केला तेव्हा बीफहार्टच्या जागी गायला उभा राहिला तोही फ्रेंचच.

बीफहार्ट स्वतः त्या पुनर्मीलनात नव्हता. १९८२ च्या ‘आइस्क्रीम फॉर क्रो’नंतर तो ट्रिनिडॅड या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या गावाकडे पत्नी जॅनबरोबर राहायला गेला. लहानपणी त्याने शिल्पकार म्हणून नाव काढलं होतं, तेव्हा चित्रकला हे काही म्हातारपणीचं खूळ नव्हतं. मायकेल वर्नरसारख्या कलाव्यापाऱ्याने त्याची चित्रं जर्मनीत आणि न्यूयॉर्कमध्ये मांडली. संगीतातून त्याला पैसा फारसा कधी मिळाला नव्हता. चित्रांनी बरं चालवलं. त्या चित्रांत पांढरी मोकळी जागा भरपूर असते आणि तीत प्राण्यांसारखे, माणसांसारखे आकार एकमेकांना न जुमानता उभे असतात. गिटारांचा आपापला हिशेब आठवल्याशिवाय राहत नाही. फरक एवढाच की रंग उपाशी राहत नाहीत.

मृत्यूनंतर काही महिन्यांतच अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत घेतला. चांगलं झालं. अशा अल्बमला सरकारी शिक्का लागला यावर तो काय म्हणाला असता, ते मी त्याच्या तोंडी घालणार नाही. तो उद्योग त्याने स्वतःच पुरेसा केला आहे.

आता आपण ऐकणार आहोत. सुरुवात ‘ट्राउट मास्क’पासून करू नका, नाहीतर घरी जाऊन मला शिव्या द्याल. आधी १९६७ चा ‘सेफ ॲज मिल्क’ घ्या, त्यात ब्लूज अजून ओळखीचा आहे. मग १९७२ चा ‘क्लियर स्पॉट’, त्यात एक-दोन तर सरळ प्रेमगीतं आहेत. त्यानंतर ‘डॉक’. आणि मग ‘ट्राउट मास्क’, पण सलग नाही, एका वेळी दोन तुकडे. पहिल्या वेळी गायकाच्या आवाजाकडे दुर्लक्ष करा आणि फक्त ड्रम्स ऐका. दुसऱ्या वेळी एकच गिटार धरा आणि काही झालं तरी ती सोडू नका. गायकाकडे तिसऱ्या वेळी वळा.