बिल्ला क्लबचा, पाय मुलीचे

(न्यू जर्सीतल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी दारातच एका बाबांनी मला गाठलं. मुलगी बारा वर्षांची आहे, सॉकर म्हणजे आपला फुटबॉल खेळते. दोन क्लबांकडून बोलावणं आलंय, एक ईसीएनएलवाला आणि दुसरा जीएवाला. या दोन्ही मुलींच्या क्लब सॉकरच्या लीगा. होकार कळवायला अठ्ठेचाळीस तासांची मुदत आहे. म्हणाले, "ताई, कुठला घेऊ ते आधी सांगा, मग निवांत भाषण ऐकतो." मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलंय. उत्तर देणार आहे, पण शेवटी, नाहीतर ते उठून जातील.

आधी हा बाजार भरला कसा ते बघू. या देशात १९७२ साली टायटल नाइन हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. कायद्याच्या मजकुरात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. पण कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, त्यांना स्कॉलरशिप द्याव्या लागल्या, आणि मुलींच्या सॉकरची वाट कॉलेजच्या दारातून जाऊ लागली. युरोपात व्यावसायिक क्लब स्वतःसाठी पोरं घडवतात. इथे क्लब मुली घडवतात त्या कॉलेजच्या प्रशिक्षकाच्या नजरेत भरण्यासाठी, आणि त्याचं बिल आईबाप भरतात. वर्षाला काही हजार डॉलर, विमान-हॉटेल वेगळं. सगळा गोंधळ या एका गोष्टीतून निघतो.

२००९ साली चाळीस क्लब एकत्र आले आणि ईसीएनएल सुरू झाली. म्हणजे एलिट क्लब्ज नॅशनल लीग. कल्पना साधी होती: चांगल्या संघांनी आपसात खेळावं, आणि वर्षातून काही वेळा देशभरातले संघ एका ठिकाणी जमवावेत. एकाच संकुलात पंधरा-वीस मैदानं, आणि कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले कॉलेजचे प्रशिक्षक. याला शोकेस म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्याकडचे वधू-वर मेळावे आठवले. पोरीच्या पाठीवर नंबर, प्रशिक्षकाच्या हातात यादी, आणि आईबाप दूर उभे राहून तो मान हलवतोय का ते बघणारे.

यात मेख अशी की ही लीग क्लबांची आहे, मुलींची नाही. जर्सीवर लावायचा लीगचा बिल्ला क्लबला मिळतो. तुमचा संघ कितीही सामने जिंको, त्या जोरावर आत येता येत नाही. लीगने क्लबाला घेतलं तर घेतलं. म्हणून लीगा भांडतात त्या क्लबांसाठी. आपल्याला वाटतं आपल्या मुलीसाठी भांडताहेत.

मग २०१७ मध्ये अमेरिकेची सॉकर महासंस्था स्वतःच मैदानात उतरली. मुलांसाठी त्यांची डेव्हलपमेंट अकादमी दहा वर्षं चालू होती, तशीच मुलींसाठी काढली. डीए म्हणायचे सगळे. आठवड्यातून चार दिवस सराव, दहा महिन्यांचा हंगाम, बदली होऊन बाहेर आलेली मुलगी त्या सामन्यात परत आत नाही, आणि सगळ्यात मोठी अट म्हणजे शाळेच्या संघातून खेळायचं नाही.

तुमच्यापैकी लातूरचे कोणी असतील तर त्यांना हे लगेच कळेल. आपल्याकडे इंटिग्रेटेड कॉलेज असतं ना, नावाला कॉलेज, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, गॅदरिंग नाही, नाटक नाही. डीए म्हणजे सॉकरचा लातूर पॅटर्न. खेळाच्या दृष्टीने त्यात तथ्य होतं, मी नाकारत नाही. पण इथल्या हायस्कूलचा सामना म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ, गावातली माणसं, वर्गातल्या मैत्रिणी. चौदा वर्षांच्या मुलीला ते सोडायला सांगणं सोपं नाही. ईसीएनएलने हे बरोबर हेरलं आणि शाळेला मोकळीक ठेवली. काही मोठे क्लब डीएत गेले आणि वर्षा-दोन वर्षांत ईसीएनएलकडे परतले.

माझी मुलगी सातवीत डीएच्या क्लबात लागली. क्लबाचं नाव सांगत नाही, त्याला आज अर्थ नाही. आम्हाला बसवून सांगितलं, "नववीत गेल्यावर शाळेचा संघ विसरायचा." घरी महिनाभर रडारड, मग तिने मान्य केलं. ती आठवीत असताना, १५ एप्रिल २०२० ला, महासंस्थेने अख्खी डीएच बंद केली. कोविडमुळे पैसे नाहीत, म्हणाले. नववीत ती शाळेच्या संघातून खेळली. ज्यासाठी रडली तेच उरलं नाही.

डीए बंद झाल्यावर मुलांच्या बाजूला मेजर लीग सॉकर, म्हणजे पुरुषांची व्यावसायिक लीग, उभी होती, तिने आपला डोलारा उभा केला. मुलींच्या व्यावसायिक लीगमध्ये तेव्हा नऊ संघ; तिला ते झेपणारं नव्हतं. म्हणून डीएतले बरेच क्लब ईसीएनएलमध्ये गेले, आणि उरलेल्यांतल्या अनेकांनी त्याच वर्षी गर्ल्स अकादमी, म्हणजे जीए, काढली. आमच्या क्लबाने कुठे जायचं ठरवलं ते आम्हाला एका ईमेलमधून कळलं. फी तीच, प्रशिक्षक तेच, फक्त जर्सीवरचा बिल्ला बदलला. नव्या जर्सीचे पैसे मात्र घेतले.

आता तर बिल्ल्यांच्याही पायऱ्या झाल्यात. ईसीएनएलच्या खाली तिची रीजनल लीग. नावात एक शब्द जास्त, आणि गाडीच्या मागे स्टिकर लावताना तो शब्द गळतो, हे मी स्वतः पाहिलंय. (हशा) हसू नका, आपल्यातलेच होते.

एक तिढा मात्र खरंच पोरींच्या मुळावर आला. २०१७ पासून वयोगट जन्मवर्षावर ठरायला लागले, जानेवारी ते डिसेंबर. शाळेचं वर्ष वेगळं. माझी मुलगी नोव्हेंबरची, म्हणजे संघातल्या बहुतेक जणी तिच्या एक इयत्ता पुढे. त्या कॉलेजला गेल्या आणि ही बारावीत मागे राहिली. अशा मुलींना इथे 'ट्रॅप्ड' म्हणतात, अडकलेल्या. आता २०२६-२७ च्या हंगामापासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि आयसो या संघटना वयोगटांसाठी १ ऑगस्टची रेघ धरणार आहेत, शाळेच्या वर्षाशी जुळणारी. माझ्या मते लीगांच्या या सगळ्या भांडणापेक्षा त्या एका तारखेने जास्त मुलींचं भलं होईल.

आणि कॉलेजचं म्हणाल, तर डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज-खेळातल्या सगळ्यात वरच्या श्रेणीचे, प्रशिक्षक मुलीशी थेट बोलू शकतात ते दहावी संपल्यावर, १५ जूनपासून. १४ तारखेच्या रात्री पोरी फोन उशाशी घेऊन जागतात. त्याआधी बाराव्या वर्षी कोणी तुम्हाला स्कॉलरशिपचं स्वप्न विकत असेल, तर खिसा सांभाळा. शिवाय २०२५ पासून नियम बदललेत. पूर्वी मुलींच्या सॉकरला एका कॉलेजात जास्तीत जास्त चौदा स्कॉलरशिप देता यायच्या. आता नवी व्यवस्था स्वीकारलेल्या कॉलेजांना ते बंधन नाही, पण संघात अठ्ठावीसच मुली ठेवता येतात. अठ्ठावीस जणींना पैसे देऊ शकतात याचा अर्थ देतीलच असा नाही. एकोणतिसावीला मात्र जागाच नाही.

ज्यांना वाटतं बिल्ल्यावाचून अडत नाही, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात गाजलेल्या आलेक्स मॉर्गनचं उदाहरण देते. ती क्लब सॉकरमध्ये आली चौदाव्या वर्षी. आज त्या वयाची नवखी मुलगी ट्रायआउटला आली तर तिला दुसऱ्या फळीत टाकतील. उलट सोफिया विल्सन (तेव्हाची स्मिथ) आणि मॅलरी स्वॉन्सन, पॅरिस ऑलिंपिकच्या सुवर्णपदकातल्या दोघी, कोलोरॅडोतल्या एकाच क्लबच्या. सोफियाचं गाव विंडसर, डेन्व्हरच्या उत्तरेला, आणि क्लब डेन्व्हरच्या दक्षिणेला. रोज ने-आण करणारं माणूस आणि पेट्रोलचे पैसे ज्या घरात नाहीत, तिथली सोफिया आपल्याला कधी दिसणारच नाही.

माझी मुलगी आज एका लहानशा डिव्हिजन थ्री कॉलेजात खेळते. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. घातलेल्या पैशांचा हिशेब विचारू नका, मी वही फाडून टाकलीय.

आता पहिल्या रांगेतले बाबा. तुम्ही मला लीग विचारलीत. मी विचारते: त्या वयोगटाचा प्रशिक्षक कोण आणि पुढच्या वर्षी तो तिथे असेल का? तुमच्या मुलीच्या जागेवर आधीच किती जणी आहेत? मंगळवारी संध्याकाळी साडेपाचच्या ट्रॅफिकमध्ये मैदान किती दूर? मुलगी गृहपाठ गाडीत करणार की घरी? ही उत्तरं लीगच्या वेबसाइटवर मिळणार नाहीत. तुमचे अजून दीड दिवस उरलेत. उद्या दोन्हीकडच्या सरावाला जाऊन बसा. मुलीला न्या, खुर्ची घरून न्या, आणि प्रशिक्षक चुकलेल्या मुलीशी कसा बोलतो तेवढं ऐका.