चार चपात्या जास्त

श्रोतेहो, नमस्कार. आज दोन नोव्हेंबर, आम्हा कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. सकाळी शिवडीच्या दफनभूमीत जाऊन आले. कबरीवरचं गवत उपटलं, झेंडूची फुलं ठेवली. वारा होता, मेणबत्ती तीनदा विझली.

आमचे हे गेले त्याला तीन वर्षं झाली. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, ‘देवाची मर्जी, रडू नकोस.’ माणसं मायेनंच बोलत होती, पण मला ते शब्द गिळवत नव्हते. तेव्हा बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. लाजर मरून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था येशूला तोंडावर सांगते, तुम्ही इथे असतात तर माझा भाऊ मेला नसता. केवढी तक्रार! आणि येशू तिच्यावर रागावत नाही. आपण लाजरला मरणातून उठवणार हे त्याला ठाऊक आहे, तरी कबरीकडे जाताना तो रडतो. माझ्या श्रद्धेला तिथे आधार मिळाला. रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे, हे मला कुणा माणसानं नाही, त्या अध्यायानं शिकवलं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, 1882 साली पती गेले. कडेवर लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 साली आपल्या याच मुंबईत, चौपाटीजवळ, त्यांनी शारदा सदन उघडलं, विधवांसाठी. पुढे दुष्काळात उपाशी मुलींना शोधून त्यांनी केडगावला नेलं. उपास म्हणजे काय, ते त्यांच्या अंगाला माहीत होतं. 1921 साली मनोरमाही गेली. आपल्यालाच का, याचं उत्तर त्यांना मिळालं असेल का, असं मी कितीदा मनात म्हणते. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही.

माझं काम फार लहान. हे गेल्यावरही पहाटे सवयीनं त्यांच्या डब्याच्या चार चपात्या जास्त लाटल्या जायच्या. दोन महिने मी त्या चपात्यांकडे बघून रडायचे. एके दिवशी त्यांच्याच स्टीलच्या डब्यात भरल्या, वर बटाट्याची भाजी, आणि परळला निघाले. तिथे कॅन्सरच्या हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर गावाकडची माणसं पथारी टाकून असतात. जालन्याकडची एक बाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती. डबा तिच्या हातात दिला. घेताना तिनं झाकणावर कोरलेलं नाव बोटानं चाचपलं.

‘ताई, डबा कधी परत देऊ?’

‘उद्या,’ मी म्हणाले. दोन महिन्यांत हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच आला होता.